पडद्याचा झोळ आणि त्याचे वजन

पलसाणा तालुक्यात कापडाला तोटा नाही. कडोदऱ्यापासून पुढे हमरस्त्याच्या आसपास यंत्रमाग आणि रंगाई-छपाईचे कारखाने पसरलेले आहेत, आणि खानदेशातून ताप्तीकाठच्या रेल्वेने इकडे येऊन स्थिरावलेल्या आमच्यासारख्या कित्येक कुटुंबांचा चरितार्थ कापडावरच चालतो. तथापि ज्यांच्या हातांखालून रोज ताक्यांमागून ताके जातात, त्यांच्याच घरी बैठकीचे पडदे पाहावेत, तर खालची कडा पुढे आलेली, एक कोपरा आत वळलेला, आणि छताचा पंखा सुरू होताच सगळा पडदा फुगलेला! हा विषय गृहिणींचा म्हणून आपण सोडून देतो. तो तितकाच व्यापाऱ्याचाही आहे, हे आम्हांस थोडे नुकसान सोसून कळले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पेढीवरून एका परिचित कुटुंबाने नव्या घराकरिता पॉलिस्टरचे कापड नेले. बारा पडदे शिवून झाले. महिन्याभराने त्या घरच्या वहिनी पेढीवर आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमचे पडदे सरळ उभे राहत नाहीत, पिळल्यासारखे वळतात.” आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “कापड हलके आहे, खालच्या मुडपीत वजने घाला.” त्यांनी घातली. पिळा कमी झाला नाहीच, उलट अधिक ठळक दिसू लागला. अखेरीस आम्ही त्यांच्या घरी गेलो, एक पडदा उतरवून जमिनीवर पसरला आणि आडव्या सुताचा एक धागा या किनारीपासून त्या किनारीपर्यंत नजरेने माग काढीत पाहिला. अठ्ठेचाळीस इंच पन्ह्यात तो धागा अडीच इंच तिरपा गेला होता.

दोष खिडकीचा नव्हता, शिंप्याचा नव्हता, वजनाचाही नव्हता. रंगाईनंतर कापड स्टेंटर यंत्रावर दोन्ही किनारींनी धरून ताणले जाते आणि १८० ते २०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून पक्के केले जाते. त्या वेळी एक किनार दुसरीच्या पुढे धावली, तर बाणा तिरपा होतो आणि उष्णतेने तसाच कायम बसतो. असे कापड टांगले की ते आपल्या मूळच्या वळणावर जाऊ पाहते. त्याला खालून ओझे लावल्याने ते सरळ होत नाही. ज्या प्रोसेस हाउसमधून तो माल आला, त्याच्याशी आमचे बोलणे झाले, त्याचा तपशील येथे नको. पण माल हाती आल्यावर धागा पाहणे आमचे काम होते, ते आम्ही केले नव्हते. कापड आणि शिलाई दोहोंचे पैसे आम्ही परत केले.

म्हणून वजनाचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे आमचे मत झाले आहे. आधी बाणा पाहावा. मग किनार पाहावी. पुष्कळ कापडांत किनार मधल्या भागापेक्षा घट्ट विणलेली असते, आणि धुतल्यावर ती आवळून पडद्याची बाजू वर ओढते. अशा ठिकाणी किनार कापून काढणे किंवा तीवर थोड्याथोड्या अंतराने तिरके छेद देणे एवढेच पुरते. सुती कापड असेल, तर ते आधी भिजवून वाळवावे. न आटवलेले सुती कापड शेकडा तीन ते पाच सहज आटते, म्हणजे सात फुटी पडदा पहिल्याच धुण्यात तीन-चार इंच वर जातो.

एवढे करूनही हलक्या कापडाची खालची कडा पुढे येतेच. याचे कारण फार साधे आहे. टांगलेल्या पडद्यात वरच्या भागावर खालच्या सर्व कापडाचा भार असतो, म्हणून तेथे चुण्या ताणलेल्या आणि सरळ दिसतात. जसजसे खाली यावे तसतसा हा भार घटतो, आणि अगदी खालच्या कडेला ओढणारे काहीच उरत नाही. तेथे कापडाचा ताठरपणा जिंकतो. कापडाचा हा ताठरपणा मोजता येतो, हे इंग्लंडमधील संशोधक पियर्स यांनी १९३० साली दाखवून दिले. कापडाची पट्टी कडेबाहेर पुढे सरकवीत न्यायची आणि ती स्वतःच्या वजनाने किती लांबीवर वाकते ते पाहायचे, ही त्यांची पद्धत प्रयोगशाळांत आजही वापरतात.

आता हिशेब पाहू. सव्वा मीटर रुंद आणि दोन मीटर लांब पडद्याचे क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर. चौरस मीटरला १०० ग्रॅमचे पॉलिस्टर घेतले, तर सगळा पडदा अवघा पाव किलो भरतो. तेच २५० ग्रॅमचे जाड सुती कापड घेतले, तर सव्वासहाशे ग्रॅम. शिवाय सूत हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या शेकडा सात-आठ इतका धरते, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. म्हणून कोरड्या दिवसांत त्यात वीज साठते आणि पडदा भिंतीला किंवा अंगाला चिकटतो. आपण सुरतकडचे लोक जे कापड सर्वाधिक विकतो, त्यालाच खालून आधाराची गरज सर्वांत जास्त, हे लक्षात घ्यावे.

झिरझिरीत पडद्याला खालच्या मुडपीत सबंध लांबीभर बारीक मण्यांची माळ ओवावी. मीटरला पन्नास ग्रॅमच्या आसपास वजन बहुधा पुरते. जाड पडद्याला दोन्ही कोपऱ्यांत आणि प्रत्येक जोडाच्या शिवणीखाली एकेक वजन बस्स होते. वजन नुसते मुडपीत टाकू नये, ते घरंगळून एका कोपऱ्यात जाते. त्याच कापडाची किंवा मांजरपाटाची लहानशी पिशवी करून, तिचे फक्त वरचे तोंड मुडपीच्या आत टाचावे, म्हणजे ती लोंबती राहते आणि बाहेरून उठून दिसत नाही. मुडप दुहेरी आणि तीन-चार इंचांची असावी. तीही लगेच पक्की शिवू नये. पडदा आठवडाभर टांगून, कापड जेवढे उतरायचे तेवढे उतरू द्यावे, मगच हातशिलाई घालावी. शेवटी चुण्या हाताने बसवून कापडी फितींनी तीन-चार दिवस सैल बांधून ठेवाव्यात.

वजन कशाचे, याला मात्र महत्त्व आहे. जुन्या काळी शिशाच्या चकत्या सर्रास वापरीत. शिसे जड आणि मऊ, म्हणून सोयीचे. परंतु शिशाची कोणतीही मात्रा मुलांना निर्धोक नाही हे आज सिद्ध आहे, आणि रांगते मूल पडद्याची कडा प्रथम तोंडातच घालते. घरी जुने पडदे असतील, तर त्यांच्या कडा चाचपून पाहाव्यात. लोखंड आपल्या दमट हवेत गंजून डाग पाडते. न गंजणारे पोलाद किंवा काचेचे मणी घ्यावेत. कापडाची पाठराखण करायला साखळी शिवण्याची युक्ती मोठमोठ्यांनीही वापरली आहे. पॅरिसच्या शानेल बाईंच्या जाकिटांच्या आत, कडेलगत बारीक साखळी असे ती याचसाठी.

वजनाची दुसरीही एक रीत होऊन गेली आहे. डिंक काढला की रेशमाचे वजन शेकडा वीस-पंचवीसने घटते. एकोणिसाव्या शतकात युरोपात ही तूट कथिलाचे क्षार कापडात मुरवून भरून काढू लागले, आणि पुढे तुटीपेक्षा कितीतरी अधिक भरू लागले. असे रेशीम सुरेख पडे, सळसळे, आणि काही वर्षांत चुणीचुणीवर उभे फाटे. जुने रेशमी पडदे आणि झगे चिंध्या होऊन सापडतात, त्याचे हे एक मोठे कारण. मापातील कमीअधिकपणा आणि खऱ्यात खोट्याची भेसळ हे अचौर्यव्रताचे दोष म्हणून तत्त्वार्थसूत्रात गणलेले आहेत, हे आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. मुडपीतले वजन गिऱ्हाईक स्वतः काढू शकते, सुतात भरलेले वजन त्याला दिसतही नाही.

पडदा धुण्यास टाकण्यापूर्वी वजने काढावीत, नाहीतर ती यंत्राच्या पिंपावर आपटतात. आमच्या आजीने यासाठी १९४३ ते १९४७ या काळातले भोकाचे पैसे वापरले होते. एकेक पैसा सुमारे दोन ग्रॅमचा, आणि मधल्या भोकातून बटणासारखा टाचता येणारा. पडदे केव्हाच विरले. पैसे डब्यात आहेत, एकवीस.