*ट्रॅक्टरचे टायर मोठे केले? मग औषधाचा हिशोबही बदलला*



आज रोग-किडीचा नाही, चाकाचा सल्ला देतोय. मेसेज जरा मोठा आहे, पण ज्यांनी टायर बदललेत किंवा छाटणीआधी बदलायचे आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी चूक सांगतो. आपल्या एका द्राक्ष बागायतदार सभासदाने गोडी छाटणीच्या आधी छोट्या फोर व्हील ट्रॅक्टरला मागे एक साइज मोठे टायर घातले. गियर तोच, रेस तीच, ब्लोअर तोच. ते खूष होते, म्हणाले, "साहेब, टाकी आता जास्त ओळींना पुरते." मीही मान डोलावली. पुढे पावसाळी हवेत डाऊनी दिसायला लागल्यावर मी वेळापत्रक तपासलं, औषध बदलून दिलं. ट्रॅक्टरकडे बघितलंच नाही. नंतर बागेत उभा राहून वेग मोजला तेव्हा कळलं की एकरी औषध कमी पडत होतं. डाऊनी फक्त त्यामुळे आला असं मी म्हणणार नाही, पाऊसही होता. पण "टाकी जास्त पुरते" हे ऐकल्यावर मी थांबून विचारायला हवं होतं.

*१) टायर म्हणजे शेवटचा गियर*

इंजिनची ताकद गियरबॉक्स, हौसिंग आणि एक्सलमधून चाकापर्यंत येते. या सगळ्या दातांचं गुणोत्तर कंपनीने ठरावीक उंचीच्या टायरसाठी ठरवलेलं असतं. टायर उंच झाला की एका फेऱ्यात ट्रॅक्टर जास्त अंतर कापतो. म्हणजे त्याच गियरमध्ये, त्याच रेसवर:

▪️ वेग वाढतो
▪️ ओढण्याची ताकद तेवढीच कमी होते

चाक १० टक्के मोठं, तर वेग १० टक्के जास्त आणि ओढ साधारण ९ टक्के कमी. मोठा टायर जमिनीला जास्त धरतो, घसरत कमी असेल, हे खरं आहे. पण भरलेला ट्रेलर चढावर ओढताना इंजिन आधीपेक्षा लवकर दबतं, ते यामुळेच.

*२) टायरवरचा आकडा नको, जमिनीवरचं माप घ्या*

टायरवर ८.३-२४ लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात. टायरची पूर्ण उंची त्यात लिहिलेली नसते. म्हणून असं मोजा:

▪️ हवा बरोबर भरा. ब्लोअर जोडून अर्धी टाकी पाणी ठेवा.
▪️ मागच्या चाकावर आणि त्याच्या खाली जमिनीवर खडूने खूण करा.
▪️ चाकाचे बरोबर १० फेरे होईपर्यंत सरळ चालवा. अंतर टेपने मोजा.

समजा जुन्या टायरवर अंतर ३० मीटर होतं आणि नव्यावर ३१.८ मीटर आलं. म्हणजे फरक ६ टक्के. हा ६ टक्के पुढच्या प्रत्येक हिशोबात येणार. जुने टायर काढण्याआधीच हे माप वहीत लिहून ठेवा, नंतर ते मिळत नाही.

*३) फवारणीवर काय होतं*

पंप पीटीओवर चालतो. टायर बदलले तरी पीटीओचा वेग बदलत नाही, म्हणून नोझलमधून मिनिटाला तेवढंच पाणी पडतं. ट्रॅक्टर मात्र पुढे जास्त पळतो. सूत्र लिहून घ्या:

*एकरी लिटर = मिनिटाला लिटर × २४३ ÷ (वेग किमी/तास × ओळीतलं अंतर मीटर)*

उदाहरण: सगळ्या नोझलचं मिळून मिनिटाला २० लिटर, वेग ४ किमी, ओळीतलं अंतर २.७ मीटर (९ फूट). एकरी पाणी ४५० लिटर. वेग ६ टक्के वाढला की तेच होतं साधारण ४२५ लिटर. ६०० लिटरची टाकी आधी ५३ गुंठ्यांना पुरायची, आता ५६ गुंठ्यांना पुरते. टाकीत औषध तेवढंच टाकलं, पण ते जास्त क्षेत्रावर पसरलं. म्हणजे डोस घटला.

उलटही लक्षात ठेवा. आंतरमशागतीसाठी कोणी बारीक, कमी उंचीचे टायर घातले तर वेग कमी होतो आणि एकरी औषध *जास्त* पडतं. तणनाशकात पिकाला इजा होऊ शकते. निर्यातीच्या मालात औषधाच्या अंशाचा धोका वाढतो.

*दुरुस्ती कशी करायची?*
▪️ ३० मीटर अंतर आखा आणि फवारणीच्या गियरमध्ये, फवारणीच्या रेसवर मोबाईलवर वेळ लावा. २७ सेकंद लागले तर वेग ४ किमी. (३० × ३.६ ÷ सेकंद)
▪️ एक गियर खाली बसत असेल तर तो वापरून बघा आणि एकरी पाणी पुन्हा काढा.
▪️ रेस कमी करून वेग जुळवू नका. फॅनची हवा कमी होते आणि औषध पानाच्या मागे पोचत नाही. डाऊनी तिथेच बसलेला असतो.
▪️ गियर जुळत नसेल तर नोझल बदला किंवा प्रेशर वाढवा. पण प्रवाह ६ टक्के वाढवायला प्रेशर साधारण १२ टक्के वाढवावं लागतं. पंपाच्या मर्यादेच्या वर जाऊ नका.
▪️ खात्रीसाठी टाकी काठोकाठ भरा, साध्या पाण्याने १० गुंठे मारा, मग बादलीने मोजून परत काठोकाठ भरा. लागलेलं पाणी गुणिले ४ म्हणजे एकरी पाणी.

रोटाव्हेटरलाही हेच लागू आहे. पाती तेवढीच फिरतात, ट्रॅक्टर पुढे पळतो, म्हणून ढेकळं मोठी राहतात. स्वतःच्या चाकावर चालणाऱ्या पेरणी यंत्राला मात्र फरक पडत नाही.

*४) फोर व्हीलवाल्यांनी हे नक्की वाचा*

फोर व्हील ट्रॅक्टरमध्ये पुढचं आणि मागचं चाक आतून गियरने बांधलेलं असतं. पुढचं चाक हलकंसं जास्त ओढेल असं ते जुळवलेलं असतं, साधारण १ ते ५ टक्के. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघा. फक्त मागचे टायर मोठे केले की हे जुळणं मोडतं. पुढची चाकं ओढायच्या ऐवजी ब्रेकसारखी अडवतात. पुढचे टायर खरवडून झिजतात, डिझेल जास्त जातं आणि गियरवर ताण येतो.

तपासणी सोपी आहे, मातीच्या सपाट रस्त्यावर करा. मागच्या चाकाचे १० फेरे होईपर्यंत पुढच्या चाकाचे किती होतात ते मोजा. एकदा फोर व्हील बंद ठेवून, एकदा चालू करून.

▪️ जुने टायर: बंद १६, चालू १६.५. पुढचं चाक ३ टक्के पुढे. बरोबर.
▪️ मागचे मोठे केल्यावर: बंद १७, चालू १६.५. पुढचं चाक ३ टक्के मागे. चूक.

चालूचे फेरे बंदपेक्षा थोडे *जास्त* यायलाच हवेत. ट्रॅक्टरच्या आतलं गुणोत्तर आपण बदलू शकत नाही, म्हणून टायर बदलायचे तर पुढचे-मागचे कंपनीने दिलेल्या जोडीनेच बदला. रिमची रुंदीही नव्या टायरला चालते का ते विचारा.

अजून एक. साइज तीच ठेवली तरी मागे नवे आणि पुढे गुळगुळीत टायर असतील तर असाच घोळ होतो. साधारण ४७ सेंमी त्रिज्येच्या चाकाची नक्षी २ सेंमी झिजली तर तो ४ टक्के फरक झाला.

*५) पिकअपवाल्यांसाठी थोडक्यात*

पिकअपमध्ये क्राऊन-पिनियन बदलता येतो. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील तर गुणोत्तर ४.१.

*नवं गुणोत्तर = जुनं गुणोत्तर × नवी टायर उंची ÷ जुनी उंची*

टायर १० टक्के उंच झाला तर ४.१ × १.१ = साधारण ४.५ लागेल. नेमका नाही मिळाला आणि गाडी भरूनच चालत असेल तर थोडा वरचा आकडा घ्या. फोर व्हील पिकअप असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही बदलावे लागतात.

हे न करता नुसते टायर मोठे केले तर मीटर ६० दाखवताना गाडी ६६ ने पळते. आणि वाशीला टोमॅटो घेऊन कसारा घाट उतरताना त्याच गियरमध्ये इंजिन गाडीला कमी धरतं, सगळा भार ब्रेकवर येतो. तिथे जिवाशी गाठ आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवल्यापेक्षा वेगळा बदल चालत नाही, विम्यालाही अडचण येऊ शकते. म्हणून माझा सल्ला: पिकअपला मूळ साइजच ठेवा.

*आजचं काम* ✅
ज्यांनी गेल्या वर्षभरात टायर बदललेत, त्यांनी पुढच्या फवारणीआधी ३० मीटरची वेळ, मिनिटाला पडणारं पाणी आणि ओळीतलं अंतर मला पाठवा. एकरी हिशोब मी काढून देतो. टायरवरच्या आकड्याचा फोटोही टाका. आणि टाकी अचानक जास्त पुरायला लागली तर आनंद मानण्याआधी एक फोन करा.

आपला,
कृषी सल्लागार