माती, सरफॅक्टंट आणि ऊन: रंगीत सांडपाण्याच्या रसायनशास्त्रातले करिअर

कापड रंगवताना सगळा रंग धाग्यावर बसत नाही. उरलेला सांडपाण्यात जातो. इचलकरंजीजवळची पंचगंगा नदी हे त्याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण.

असे रंग उजेडात मोडून काढणारे पदार्थ म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक. टायटॅनियम डायऑक्साइड त्यातला जुना गडी, पण त्याला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम 4 ते 5 टक्के. ग्राफाइटसारख्या रचनेच्या कार्बन नायट्राइडला निळा प्रकाशही चालतो. त्याचे नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे केले की पृष्ठभाग वाढतो. पण ते ओल्या पापडांसारखे एकमेकांना चिकटतात. म्हणून ते मॉन्टमोरिलोनाइटसारख्या मातीतल्या खनिजावर बसवतात. आता मातीचे थर ऋणप्रभारित, पापुद्रेही बहुधा तसेच. म्हणून मध्यस्थी करते सीटॅब हे धनप्रभारित सरफॅक्टंट, म्हणजे साबणासारखे पृष्ठक्रियाशील रसायन. काम झाल्यावर मात्र ते धुऊन काढावेच लागते. नाहीतर उजेडात तयार होणारी, रंग मोडणारी हायड्रॉक्सिल मूलके त्याच्यावरच खर्ची पडतात.

नवख्यांची फसगत होते ती पुढे. चाचणीसाठी वापरला जाणारा मिथिलीन ब्लू हा रंग धनप्रभारित असल्याने अंधारातही मातीला चिकटतो, पाणी नितळ दिसते आणि रंग मोडला असे वाटते. म्हणून आधी अंधारातले शोषण मोजायचे, मग दिवा लावायचा, शेवटी रंग खरोखर मोडला का हे पाहायला पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन तपासायचा. या क्षेत्रात हुशारीपेक्षा ही चिकाटीच जास्त कामी येते.

हे शास्त्र शिकायचे तर विदर्भात नागपूर जवळचे. तिथे 1958 साली सुरू झालेली नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, 1942 पासूनची एलआयटी ही तंत्रशिक्षण संस्था आहे. बारावी विज्ञाननंतर रसायनशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी हा सरळ मार्ग. एलआयटीत केमिकल इंजिनीअरिंगसाठी सीईटी द्यावी लागते. एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. पीएचडीची वर्षे पालकांना लांब वाटतात, आणि ती लांब असतातच. प्राध्यापकाची कायम जागा त्यानंतरही सहज मिळत नाही. संशोधन नको असेल तर बुटीबोरी, हिंगण्यासारख्या औद्योगिक वसाहतींत सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि तपासणी प्रयोगशाळांना केमिस्ट लागतात. तिथे मुलाखतीत नॅनोपापुद्रे कोणी विचारत नाही; सीओडी (पाण्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी) कसा काढतात, हे विचारतात.