बार्बेक्यूची जाळी कशाने घासता?

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातली गोष्ट. मार्च २०११ ते जून २०१२ या काळात तिथल्या एका रुग्णालय समूहात सहा जण आले. तिघांना गिळताना मानेत कळ येत होती, तिघांचं पोट दुखत होतं. सगळ्यांच्या खाण्यात बार्बेक्यूवर भाजलेलं मांस आलं होतं. तपासण्या झाल्या आणि प्रत्येकाच्या शरीरात एक बारीक तार सापडली, कुणाच्या घशात रुतलेली, कुणाच्या आतड्याला भोक पाडून गेलेली. ती जाळी घासण्याच्या ब्रशची होती. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने जुलै २०१२ मध्ये आपल्या साप्ताहिकात या रुग्णांची नोंद छापली आणि लोकांना सावध केलं.

पुढे मिसूरी विद्यापीठातल्या संशोधकांनी देशभरातल्या तातडीच्या विभागांच्या नोंदी तपासल्या. २००२ ते २०१४ या वर्षांत अशा तारेने जखमी होऊन सुमारे १,७०० जण रुग्णालयात पोचले असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला. बहुतेकांची जखम तोंडात किंवा घशात होती. कोट्यवधी घरांत बार्बेक्यू चालणाऱ्या देशाच्या मानाने हा आकडा लहानच. पण ज्याच्या घशात तार रुतते त्याला कधीकधी भूल देऊन ती काढावी लागते, आणि आतडं फाटलं तर थेट शस्त्रक्रिया. हे सगळं टाळायला लागतो एक वेगळा ब्रश.

तार तुटते कशी, हे समजायला फार डोकं लावावं लागत नाही. ब्रश तापलेल्या जाळीवर घासला जातो, मग अंगणात किंवा गच्चीवर पावसात पडून राहतो. गंज चढतो, तारांची मुळं सैल होतात. सुटलेली तार चिकट तेलकट जाळीवर बसते, तिथून कबाबाला लागते. काळ्या जाळीवरची काळी पडलेली तार डोळ्यांना दिसत नाही, आणि मसाल्यातल्या घासात जिभेलाही कळत नाही.

कर्जत-लोणावळ्याच्या फार्महाउसवर, सोसायटीच्या गच्चीवर, आणि परदेशातल्या मराठी घरांच्या अंगणात बार्बेक्यू आता नवलाचा राहिलेला नाही. आपल्याकडे तारेच्या ब्रशऐवजी पुष्कळदा भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी हाती घेतली जाते. तिचेही तुकडे सुटतात. कढईत चमकणारा असा तुकडा अनेकांनी पाहिलेला असेल. जाळीच्या सांध्यांत तर ती हमखास अडकते.

इथे मत्स्यप्रेमी घरांसाठी एक खास इशारा. घशात काटा अडकला की भाताचा कोरडा गोळा नाहीतर केळं न चावता गिळायचं, हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तारेच्या बाबतीत तो करू नये. घासाच्या रेट्याने तार आणखी खोल रुतते किंवा खाली आतड्याकडे सरकते. (काट्यालाही हा उपाय डॉक्टर सुचवत नाहीत, पण तो वाद कोकणात जिंकणं अवघड.) बार्बेक्यूच्या जेवणानंतर घशात टोचत राहिलं, किंवा एक-दोन दिवसांत पोटात एकाच जागी दुखू लागलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात जावं आणि ‘तारेने घासलेल्या जाळीवरचं खाल्लं होतं’ हे वाक्य आवर्जून सांगावं. बारीक तार साध्या एक्स-रेत निसटू शकते. शंका असेल तर डॉक्टर सीटी स्कॅन करतात. एमआरआय मात्र नको, कारण लोखंडी तार तिथल्या चुंबकाने जागची हलू शकते.

मग जाळी घासायची कशाने? पहिलं काम विस्तवच करतो. भाजणं संपलं की जाळी दहा-पंधरा मिनिटं तशीच तापू द्यावी. चिकटलेला रस आणि चरबी जळून ठिसूळ होते. जाळी कोमट झाली की लाकडी खरवडणीने किंवा चिमट्यात धरलेल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने ती खरवडावी. नारळाचा काथ्या तर आपल्याकडे फुकट मिळतो आणि गार जाळीवर उत्तम चालतो. पाटा-वरवंट्याच्या काळात आज्या हेच वापरत होत्या. अर्धा कांदा काट्याला टोचून गरम जाळीवर फिरवायची पद्धतही चांगली आहे, पण जाड थर त्याने निघत नाही. तो काढायला खायचा सोडा आणि पाण्याची दाट पेस्ट रात्रभर लावून ठेवावी, सकाळी साबण-पाण्याने धुवावं. कशानेही घासलं तरी शेवटी ओल्या जाड फडक्याने प्रत्येक दांडा पुसून घ्यावा आणि ते फडकं उजेडात बघावं. जाळी बिडाची असेल तर लगेच कोरडी करून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर पावसाळ्यात ती हमखास गंजते.

बाथरूमचं ॲसिड जाळीला लावू नये. ब्लीच आणि ॲसिड तर एकत्र आणूच नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि दम्याच्या रुग्णाला तो थेट अतिदक्षता विभागात नेऊ शकतो.

‘जाळी जितकी काळी तितकी चव जास्त’ असं म्हणणारे शौकीन प्रत्येक पार्टीत भेटतात. वैद्यकाला ते पटत नाही. चरबी निखाऱ्यांवर गळून जळते तेव्हा धुरात बेंझोपायरीनसारखी संयुगं तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझोपायरीनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. जाळीवरची जुनी काजळी नव्या घासाला लागते, ट्रेमधली साठलेली चरबी पुन्हा धुमसते. अर्थात घाबरून जायचं कारण नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा भाजून खाणाऱ्याचा धोका आणि रोज तंबाखू मळणाऱ्याचा धोका यांची तुलनाच होऊ शकत नाही. करपलेला भाग काढून टाकावा आणि चरबीचा ट्रे दर वेळी रिकामा करावा. त्या चरबीने पेट घेतला तर पाणी ओतू नये, भडका उडतो. झाकण लावून हवा तोडावी.

कच्च्या कोंबडीचं पाणी लागलेली जाळी धुतल्याशिवाय झाकून ठेवली तर उंदीर-झुरळांची सोय होते. पुढच्या वेळी तीच जाळी नीट तापवल्याशिवाय वर पनीर टाकलं, की शाकाहारी पाहुण्यालाही जुलाब. कच्च्या मांसाचा चिमटा आणि ताट शिजलेल्याला लावू नये, हे तर सांगायलाच नको. तरी सगळ्यात जास्त चूक तिथेच होते.

काही हौशी मंडळी हार्डवेअरच्या दुकानातून जस्ताचा मुलामा दिलेली जाळी आणतात. ती स्वस्त असते, पण लिंबू-दह्याच्या आंबट मसाल्यात जस्त विरघळतं आणि मळमळ, उलट्या सुरू होतात. स्टेनलेस स्टीलच घ्यावं. मुलाम्याचे पापुद्रे सुटू लागलेली जाळी भंगारात द्यावी. गंजाबद्दलचा एक समज मात्र दूर करायला हवा: धनुर्वात गंजाने होत नाही, मातीतल्या जंतूंमुळे होतो. जाळी साफ करताना हात कापला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगावं.

सगळ्यात गंभीर बाब सफाईच्या शेवटी येते, ती राखेची. वरून करडे दिसणारे कोळसे आत तासन्‌तास धगधगत असतात. प्लास्टिकच्या डब्यात टाकले तर आग, आणि पाऊस आला म्हणून शेगडी खोलीत किंवा तंबूत घेतली तर कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ताकदीने चिकटतो. झोपलेली माणसं मग जागीच होत नाहीत. राख उघड्यावर, झाकणाच्या लोखंडी बादलीत पुरा एक दिवस ठेवावी आणि मगच टाकावी.

एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखू लागलं, गरगरलं, उलटी झाली, तर अपचन समजू नये. आधी सगळ्यांना उघड्यावर आणावं, मग १०८ ला फोन करावा. रुग्णालयात ऑक्सिजनचा मास्क लावल्यावर हा वायू रक्तातून साध्या हवेपेक्षा कितीतरी लवकर बाहेर पडतो. गर्भवतींच्या बाबतीत तर एक क्षणही दवडू नये, कारण पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षा जास्त बाधतो. आणि कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्या यंत्राला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं, त्यामुळे आकडा ९८ दिसला तरी रुग्णालयात जाच.