चौधारी केव्हा फुलते?

चौधारी घेवड्याची शेंग आडवी कापून पाहा. चार कंगोऱ्यांची चांदणी दिसेल. याचे बी फार टणक, म्हणून ते रात्रभर भिजवा, जूनमध्ये कुंपणाशी लावा आणि वेलाला मांडव द्या. फेब्रुवारीत लावलेत, तर पावसाळा सरेपर्यंत नुसती पानेच पाहत बसाल! ही ‘लघुदिन’ वनस्पती आहे. रात्री मोठ्या होऊ लागल्याखेरीज तिला कळ्या येत नाहीत. (खरे मोजमाप ती अंधाराचे करते.) म्हणून रस्त्यावरच्या दिव्याजवळची जागा टाळा. किंवा मुद्दाम एक वेल तेथेच लावा आणि दोन्ही वेलांच्या पहिल्या फुलाची तारीख वहीत टिपा. शेंगा कोवळ्या असतानाच तोडा. वाळलेल्या बियांत सुमारे ३० टक्के प्रथिने असतात, पण ट्रिप्सिन या पाचक एंझाइमाला अडवणारे द्रव्यही असते; तेव्हा त्या भिजवून, चांगल्या शिजवल्याशिवाय खाऊ नका.