बार्शीचा शाहीर

लातूरच्या वृद्ध माणसांस बार्शीकडे जाणारी लहान आगगाडी अजून आठवते. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ती १९११ सालीं लातुरास येऊं लागली. त्या काळीं लातूर निजामाच्या राज्यांत व बार्शी इंग्रजी मुलखांत. परंतु माल, माणसें आणि गाणीं यांस ती सरहद्द फारशी अडवूं शकत नसे. त्या बार्शींत २० ऑक्टोबर १९१६ रोजीं एका गरीब मुसलमान कुटुंबांत मेहबूब हुसेन पटेल हा मुलगा जन्मला. पुढें महाराष्ट्रानें त्यास शाहीर अमर शेख या नांवानें ओळखलें.

त्याचा पहिला गुरु म्हणजे त्याची आई मुनेरबी. लोकगीतांचा वारसा त्यास तिच्याकडून मिळाला. आपल्याकडे असें गाणें बहुधा जात्याशीं शिकावें लागे. ओवीस तबला लागत नाहीं. दगडाची घरघर हाच तिचा ठेका. पहाटे दळतां दळतां बायका माहेर, पाऊस, विठोबा, कर्ज, सासुरवास सारें गात. हेमा राईरकर व गी पॉइटव्हिन यांनीं खेडोपाडींच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यांतील बायकांच्याहि आहेत. पिठाच्या गिरण्या आल्या आणि हें विद्यालय मुकाट्यानें बंद पडलें.

मेहबूबनें मोटारीवर क्लीनरचें काम केलें, गिरणींत मजुरी केली. गिरणीच्या संपांत त्यास विसापूरचा तुरुंग पाहावा लागला. तेथें कामगार पुढाऱ्याची गांठ पडली व तो साम्यवादी चळवळींत शिरला. नंतर कोल्हापुरास मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेंत असतां त्याचें 'अमर शेख' हें नांव रूढ झालें. १९४४ सालीं अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनीं लाल बावटा कलापथक उभारलें. त्यांचीं राजकीय मतें सर्वांस पटणारीं नव्हतीं. पण गाणें ऐकावयास सारे येत.

पोवाड्याची परंपरा शिवकालापासूनची. शाहिराच्या हातीं डफ, साथीदाराकडे एका तारेचें तुणतुणें, मागें झांज आणि 'जी जी' म्हणत सूर उचलून धरणारे झीलकरी. एवढ्या सामग्रीवर हजारोंचा जमाव खिळवून ठेवावयाचा, तर कंठ तसाच पाहिजे. अमर शेखांचा आवाज पहाडी होता. त्यांचे 'कलश' व 'धरतीमाता' हे काव्यसंग्रह जरूर वाचावे, परंतु मोठ्यानें वाचावे. नुसत्या डोळ्यांनीं वाचल्यास त्यांतील पुष्कळसा जोर हरपतो, असें आम्हांस वाटतें.

याच पिढींत अमेरिकेंत वूडी गथ्री नांवाचा गायक होऊन गेला. ओक्लाहोमा प्रांतांत १९१२ सालीं त्याचा जन्म. त्याचीहि आई जुनीं गाणीं गाई. १९३० नंतर तेथें धुळीचीं वादळें उठलीं, शेतें ओसाड झालीं, कुटुंबेंच्या कुटुंबें कॅलिफोर्नियास मजुरीसाठीं निघालीं. त्यांच्याबरोबर तोहि गेला आणि गिटारीवर त्यांचें दुःख गाऊं लागला. दुष्काळांत गांव सोडून मुंबई-पुण्याची वाट धरणारीं माणसें आपल्या जिल्ह्यांनीं थोडीं पाहिलीं आहेत काय? ओक्लाहोमाचा डफ म्हणजे गिटार, इतकाच काय तो फरक.

अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही लावणी अमर शेखांच्या कंठांतून घरोघर पोहोंचली. पोटासाठीं मुंबईस आलेला मजूर मागें राहिलेल्या पत्नीस आठवतो, एवढाच वरवरचा अर्थ. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत श्रोत्यांस त्या मैनेंत बेळगांव-कारवार दिसूं लागलें. एका गृहिणीच्या विरहांत सबंध प्रांताची ताटातूट मावली! मराठवाडा १९५६ सालीं हैदराबाद राज्यांतून मुंबई राज्यांत आला व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला; बेळगांव मात्र बाहेरच राहिलें. १९६२ सालीं चीनचें आक्रमण झालें, तेव्हांहि हा शाहीर डफ घेऊन लोकांपुढें उभा राहिला.

२९ ऑगस्ट १९६९ रोजीं मोटार अपघातांत त्यांचें निधन झालें. वय अवघें बावन्न. त्यांची कन्या मलिका अमर शेख या मराठींतील नामवंत कवयित्री आहेत.