वसतिगृहातील मतदार

प्रश्न : आम्ही विद्यार्थी पुण्यातील वसतिगृहांत मतदार नोंदणीची मोहीम चालवतो, परंतु मूळ गावाखेरीज अन्यत्र नाव नोंदवणे बेकायदा आहे, असे अनेकजण म्हणतात. हे खरे काय?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : ही समजूत निराधार आहे. किमान वर्षभराच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यास गाव वा वसतिगृह यांपैकी कोणतेही एक ठिकाण स्वेच्छेने निवडता येते. मात्र दोन याद्यांत नाव ठेवण्यास कायद्याची मुभा नसल्यामुळे, ज्याचे नाव गावच्या यादीत आधीच दाखल आहे, त्याने स्थलांतरासाठी नमुना ८, आणि प्रथमच नोंदणी करणाऱ्याने संस्थाप्रमुखांच्या दाखल्यासह नमुना ६ भरावा. अर्जांचा गठ्ठा आपण कचेरीत नेऊ नये. प्रत्येकाने अर्ज स्वतः दाखल करणेच इष्ट. मोहीम निःशंकपणे चालू ठेवा.