सोळा बहिणींतली एकच अंडपेशी : फळमाशीचा धडा

"सर, सगळ्या पेशींत सारखाच डीएनए असतो, तर मग एकीचं डोकं आणि दुसरीचं पोट कसं होतं?" पेशी शिकवताना हा प्रश्न हमखास येतो. "पुढच्या वर्गात कळेल" म्हणून तो टाळू नका. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या फळमाशीकडे त्याचं छान उत्तर आहे.

माशीच्या अंडाशयात एक पेशी चार वेळा विभागते : १, २, ४, ८, १६. पण हे विभाजन अर्धवट राहतं. पेशींमध्ये गोल, कडा असलेली भोकं उरतात. त्यांना आपण वलयमार्ग म्हणू.

हे फळ्यावर काढून घ्या. प्रत्येक फेरीत प्रत्येक पेशीला एक नवी पेशी रेषेने जोडायची. शेवटी मुलांना रेषा मोजायला सांगा : एकूण १५. चार रेषा असलेल्या पेशी फक्त दोनच! त्यांतलीच एक अंडपेशी होते. उरलेल्या १५ पोषक पेशी होतात.

दोघींतली कोणती? या मार्गांतून फांद्यांसारखी पसरलेली एक रचना असते, तिला फ्यूझोम म्हणतात. तिचा वाटा सगळ्यांना सारखा मिळत नाही. तिच्या आधाराने सूक्ष्मनलिकांचे 'रूळ' एका पेशीकडे वळतात. डायनीन नावाचं प्रथिन त्या रुळांवरून माल ओढत अंडपेशीत आणतं. पोषक पेशी शेवटी आपला जवळजवळ सगळा पेशीरस तिच्यात ओततात आणि नष्ट होतात.

आलेला माल अंडपेशीत कुठेही पडून राहत नाही. बायकॉइड जनुकाचा आरएनए पुढच्या टोकाला, तर ऑस्करचा मागच्या टोकाला पोचतो. आईच्या बायकॉइड जनुकात मोठा दोष असेल तर गर्भाला डोकं आणि छाती येत नाही. ऑस्करमध्ये असेल तर पोट नीट बनत नाही. म्हणजे डोकं कुठे, हे अंडं घालण्याआधीच आईने ठरवलेलं असतं! माशीच्या गर्भाची घडण ठरवणारी जनुकं शोधल्याबद्दल न्यूसलाइन-फोलहार्ड, विशाउस आणि लुईस यांना १९९५ चं नोबेल मिळालं.

आता त्या मुलाचा प्रश्न पुन्हा घ्या. डीएनए सारखाच, पण कोणत्या पेशीला काय मिळालं आणि ते कुठे ठेवलं गेलं, यावरून फरक पडला. एवढं वाक्य मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलं, की धडा कळला समजा.